लाल तंबू आणि मूक पट्टा

रेडिओ सिलोन ऐकत वाढलेल्या पिढीला लघुलहरींचा लहरीपणा समजावून सांगावा लागत नाही. 'बिनाका गीतमाले'त नेमके आवडते गाणे सुरू व्हावे आणि आवाज विहिरीत उतरल्यासारखा खोल जावा, घरातल्या कुणीतरी एरियलची तार हातात धरून उभे राहावे, आणि गाणे संपता संपता आवाज पुन्हा वर यावा, हे महाराष्ट्रातल्या असंख्य घरांत घडलेले आहे. 'आज स्टेशन नीट लागत नाही' एवढेच आपण म्हणायचो. दोष कधी सेलला, कधी ढगाळ हवेला, कधी शेजारच्या पिठाच्या गिरणीला. गिरणीचा दोष काही वेळा खराही असायचा. पण बहुतेक वेळा घोटाळा शे-तीनशे किलोमीटर उंचीवर, सूर्याने विद्युतभारित केलेल्या विरळ हवेत झालेला असायचा. तो निस्तरणे ना आपल्या हातात होते, ना कोलंबोतल्या निवेदकाच्या.

हौशी रेडिओचालक, ज्यांना जगभर 'हॅम' म्हणतात, ते याच विरळ हवेच्या भरवशावर एकमेकांशी बोलतात. त्यांचे निम्मे बोलणे 'कंडिशन' कशी आहे यावरच असते, शेतकऱ्याचे पावसावर असते तसे. कंडिशन वाईट असताना काय काय घडले याच्या कथा या मंडळींत पुष्कळ आहेत. त्यातली एक मला वर्षानुवर्षे सोडत नाही. तिच्यात नऊ माणसांचे प्राण टांगणीला होते, आणि दोष कुणाच्या माथी मारायचा हा वाद ती माणसे परतल्यावरही मिटला नाही. ती १९२८ च्या उन्हाळ्यात, उत्तर ध्रुवाजवळच्या तरंगत्या बर्फावर घडली.

उंबेर्तो नोबिले हा इटालियन हवाई दलातला जनरल आणि हवाई जहाजांचा अभियंता. १९२६ मध्ये त्यानेच घडवलेल्या 'नॉर्गे' या हवाई जहाजातून रोआल्ड अमुंडसेन, अमेरिकन लिंकन एल्सवर्थ आणि स्वतः नोबिले उत्तर ध्रुवावरून थेट अलास्कापर्यंत गेले होते. परत आल्यावर श्रेयावरून अमुंडसेन आणि नोबिले यांचे इतके बिनसले की दोघे एकमेकांविरुद्ध जाहीरपणे लिहू लागले. दोन वर्षांनी नोबिले 'इटालिया' हे नवे हवाई जहाज घेऊन पुन्हा उत्तरेकडे निघाला. तळ होता स्पिट्सबर्गेन बेटावरच्या किंग्ज बे या खाडीत. आज त्या वस्तीला न्यू-ऑलेसुंड म्हणतात. तिथे 'चित्ता दि मिलानो' हे इटालियन नौदलाचे जहाज मदतीसाठी नांगर टाकून उभे होते. मूळचे समुद्राखालच्या तारा टाकणारे हे जहाज या मोहिमेचे कान आणि तोंड होते. रोमशी, वर्तमानपत्रांशी आणि हवेतल्या 'इटालिया'शी संपर्क ठेवायचे काम त्याचे.

२३ मेच्या पहाटे 'इटालिया' निघाले आणि २४ च्या मध्यरात्रीनंतर थोड्याच वेळात ध्रुवावर पोहोचले. खाली उतरणे वाऱ्यामुळे जमले नाही. इटलीचा झेंडा आणि पोपने दिलेला क्रूस बर्फावर टाकून ते परत फिरले. परतीच्या वाटेत समोरून वारा, धुके आणि अंगावर साचत जाणारे बर्फ. २५ मेच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास जहाज शेपटीकडून खाली येऊ लागले आणि बर्फावर आदळले. खालची केबिन तुटून दहा माणसांसह बर्फावर विखुरली. त्यातला पोमेल्ला हा यंत्रज्ञ जागीच मेला. ओझे कमी झाल्याने वरचा फुगा पुन्हा उचलला गेला आणि त्यात राहिलेल्या सहा जणांना घेऊन वाऱ्याबरोबर निघून गेला. ते सहा जण पुन्हा कधीच कुणाला दिसले नाहीत.

बर्फावर उरली नऊ जिवंत माणसे आणि नोबिलेची तितिना ही छोटी कुत्री. नोबिलेचा पाय आणि हात मोडला होता, चेचियोनी या यंत्रज्ञाचाही पाय मोडला होता. केबिनबरोबर काही सामान पडले होते. एक तंबू, थोडे पेमिकन म्हणजे वाळलेल्या मांसाच्या वड्या, चॉकलेट, एक पिस्तूल. उंची मोजण्यासाठी वरून टाकायच्या काचेच्या गोळ्यांत लाल रंग भरलेला होता. तो तंबूला फासला, म्हणजे पांढऱ्या बर्फावर विमानातून दिसेल. 'लाल तंबू' हे नाव त्यामुळे पडले. पुढे १९६९ मध्ये याच नावाचा सोव्हिएत-इटालियन चित्रपट निघाला आणि त्यात शॉन कॉनरीने अमुंडसेनचे काम केले. असो.

सामानात आणखी एक वस्तू धडकी वाचली होती. 'ओंदिना ३३' नावाचा आणीबाणीसाठी ठेवलेला लघुलहरींचा छोटा प्रक्षेपक. नाव ठेवणाऱ्याची रसिकता पाहा. ओंदिना म्हणजे इटालियन भाषेत छोटी लाट, लहर. ताकद अवघी काही वॉट, आपल्या रात्रीच्या दिव्याएवढी. जुझेप्पे बियाजी हा बिनतारी यंत्रचालक. त्याने केबिनच्या मोडक्या नळ्यांची काठी उभी केली, तारा ताणल्या आणि त्याच दिवशी जवळपास ३३ मीटर तरंगलांबीवर मोर्सचे एसओएस सुरू केले. जहाजाने कान द्यायच्या वेळा आधीच ठरलेल्या होत्या. त्या वेळा गाठून बियाजी दिवसेंदिवस तीच तीन अक्षरे पाठवत राहिला.

उत्तर आले नाही.

या मौनाची चव आणखी कडू करणारी गोष्ट अशी की बियाजीचा रिसीव्हर ठणठणीत होता. रोमजवळच्या सान पाओलो केंद्राच्या बातम्या त्याला रोज संध्याकाळी ऐकू येत. म्हणजे चार हजार किलोमीटरहून अधिक अंतरावरून रोम त्यांना सांगत होते की 'इटालिया' बेपत्ता आहे, शोध चालू आहे, काहीही पत्ता नाही. आणि ज्या जहाजाला हाक मारायची ते किंग्ज बेमध्ये, तंबूपासून साधारण चारशे किलोमीटरवर उभे होते. आपल्याकडच्या हिशेबात मुंबई ते कोल्हापूर.

२८ मेला क्षितिजावर बेटे दिसली आणि आपण स्पिट्सबर्गेनच्या ईशान्येला, फॉइन बेटाच्या आसपास आहोत हे कळले. पण बर्फ वाहत होता, त्याबरोबर तंबूही. २९ ला एक पांढरे अस्वल तंबूजवळ आले आणि स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ फिन माल्मग्रेनने ते पिस्तुलाने मारले. मांसाचा प्रश्न सुटला, पण मनातला प्रश्न सुटेना. आपले कुणी ऐकत नाही, मग इथे बसून राहण्यात काय अर्थ? ३० मेच्या रात्री मारियानो आणि झाप्पी हे दोन नौदल अधिकारी आणि माल्मग्रेन असे तिघे जमिनीच्या दिशेने पायी निघाले. माल्मग्रेन आधीच जखमी होता. पंधरा-सोळा दिवसांनी त्याच्याने चालवेना, तेव्हा दोघांनी त्याला त्याच्याच सांगण्यावरून बर्फावर मागे सोडले, असे त्यांनी नंतर सांगितले. त्याचा देह सापडला नाही.

या मौनाचे कारण समजून घ्यायचे तर जरा मागे जावे लागते, हॅम मंडळींच्या इतिहासात.

१९१२ च्या अमेरिकन कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याहून लहान तरंगलांबी दिली. देण्यात औदार्य नव्हते. मोठ्या अंतरासाठी लांब लहरीच लागतात, लहान लहरी कुचकामी, असा त्या काळचा पक्का समज होता. गावाबाहेरची पड जमीन पोरांना खेळायला द्यावी तसा तो प्रकार. पोरांनी त्या पड जमिनीत विहीर काढली. डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली हा अमेरिकन हॅम स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर अर्ड्रोसन इथे तंबू ठोकून बसला आणि त्याने अटलांटिकपलीकडच्या हौशी केंद्रांचे संदेश ऐकले. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधला लेऑन देलुआ आणि अमेरिकेतला फ्रेड श्नेल यांनी १०० मीटरच्या आसपास अटलांटिकच्या आरपार दुतर्फा गप्पा मारल्या. वर्षभरात न्यूझीलंडच्या फ्रँक बेलने लंडनच्या मिल हिल शाळेतल्या सेसिल गॉयडर या विद्यार्थ्याशी बोलणे केले. सरकारे आणि कंपन्या धावत आल्या. १९२७ मध्ये तर आपल्या पुण्याजवळ खडकीला प्रक्षेपक आणि दौंडला रिसीव्हर बसवून हिंदुस्थान-इंग्लंड लघुलहरींची 'बीम' तारसेवाही सुरू झाली. दौंडचे नाव रेल्वेसाठी सर्वांना ठाऊक. बिनतारी इतिहासातही त्याची नोंद आहे हे थोड्यांना ठाऊक असेल.

पण याच काळात हौशी लोकांच्या नोंदवह्यांत एक चमत्कारिक गोष्ट पुन्हा पुन्हा येत होती. चाळीस, वीस मीटरवर गेले की शेजारच्या गावचा मित्र ऐकू येईनासा होई आणि हजार-दोन हजार किलोमीटरवरचा अनोळखी माणूस कानाशी बोलल्यासारखा येई. सुरुवातीला ज्याला त्याला आपलाच सेट बिघडला असे वाटे. जॉन राइनार्ट्झ या अमेरिकन हॅमने १९२४-२५ मध्ये याचे चिकाटीने प्रयोग केले आणि ते छापले. अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतले टेलर आणि हलबर्ट यांनी अशा नोंदी घेऊन १९२६ मध्ये त्यांचा सिद्धान्त मांडला. इंग्लंडमध्ये ॲपल्टनने त्या आधीच, १९२४ च्या अखेरीस, आकाशातला परावर्तक थर प्रयोगाने दाखवला होता.

कल्पना करायला सोपी आहे. बागेत पाइपने पाणी मारताना धार तिरपी वर धरली की ती जवळच्या रोपांच्या डोक्यावरून जाते आणि लांबच्या वाफ्यात पडते. जवळची रोपे कोरडीच. लघुलहरी अशाच. सरळ वर गेलेली ९ मेगाहर्ट्झची लहर, म्हणजे ३३ मीटरची, थर पुरेसा दाट नसेल तर त्यातून आरपार अवकाशात निघून जाते. तिरपी गेलेली मात्र वळून खाली येते, पण खूप दूर. प्रक्षेपकाभोवती जमिनीला चिकटून जाणारी लहर काही दहा-वीस किलोमीटर पोहोचते आणि विरते. जिथे ती विरते तिथपासून आकाशातून परत येणारी लहर जिथे जमिनीला टेकते तिथपर्यंत शांतता. हॅम याला 'स्किप' म्हणतात. मी त्याला मूक पट्टा म्हणतो. सांगलीत माझ्या घरून १४ मेगाहर्ट्झवर मला इटलीतली माणसे दुपारी स्वच्छ ऐकू येतात आणि पुण्याचा मित्र त्याच वेळी त्याच जागी हाका मारत असतो, तो अजिबात ऐकू येत नाही. मग आम्ही फोन करून एकमेकांना सांगतो की इटली छान येते आहे.

हा पट्टा किती रुंद ते आकाशातल्या थराच्या घनतेवर ठरते, आणि घनता सूर्यावर. १९२८ हे सौरडागांच्या शिखराचे वर्ष होते. साधारणपणे शिखराच्या वर्षांत लघुलहरी जोमात चालतात, म्हणून वरवर पाहता मे १९२८ चा काळ चांगलाच असायला हवा. पण खवळलेला सूर्य चुंबकीय वादळेही पाठवतो, आणि त्यांचा पहिला तडाखा ध्रुवाकडच्या आकाशाला बसतो. तिथला थर विस्कटतो, घनता घटते, मूक पट्टा पसरतो. भर दुष्काळात विहीर आटते हे आपल्याला कळते. भर पावसाळ्यात पूर आल्यामुळेच नळाला पाणी येत नाही, हे कळायला वेळ लागतो. तसेच हे.

२०२० मध्ये ब्रुनो झोलेसी आणि त्यांच्या इटालियन भूभौतिकी सहकाऱ्यांनी 'स्पेस वेदर' या नियतकालिकात या सगळ्या प्रकरणाचा मागे वळून हिशेब मांडला. त्या दिवसांच्या सूर्याच्या आणि पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी आणि आजची आयनांबराची गणिती प्रतिकृती यांच्या आधारे त्यांनी तपासले. निष्कर्ष असा की किंग्ज बे हे बियाजीच्या ३३ मीटरच्या मूक पट्ट्यात येत होते, आणि अपघातानंतरच्या पहिल्या दिवसांत चुंबकीय परिस्थिती बरीच बिघडलेली होती. बियाजीची चूक नव्हती. ओंदिनाचीही नव्हती. तंबू आणि जहाज एकमेकांच्या फार जवळ होते.

चुंबकीय नोंदींवरून एक आपल्या घरची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. असल्या वादळांची एक जुनी नोंदवही मुंबईची आहे. कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकसुईने १८५९ च्या महावादळात जी डुबकी घेतली तिचा आजही जगभर उल्लेख होतो. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येणार म्हटल्यावर सुया थरथरतील म्हणून नानाभॉय मूस यांनी ही वेधशाळा अलिबागला हलवली. १९०४ पासून तिथल्या सुया अखंड लिहीत आल्या आहेत. अलिबागच्या किनाऱ्यावर सहलीला जाणाऱ्यांपैकी फार थोडे त्या दगडी इमारतींकडे मान वळवतात. लघुलहरी का बंद पडल्या याचे उत्तर शोधणाऱ्याला मात्र शेवटी अशाच एखाद्या सुईच्या कागदाशी यावे लागते.

आता मूळ गोष्टीकडे. ३ जून १९२८. उत्तर रशियातले वोझ्नेसेन्ये-वोख्मा हे खेडे. लाल तंबूपासून सुमारे अडीच हजार किलोमीटर. तिथे निकोलाय श्मिट नावाचा बावीस वर्षांचा तरुण गावातल्या सिनेमाचे यंत्र चालवायचा आणि रिकाम्या वेळात स्वतः जुळवलेल्या एका व्हॉल्व्हच्या रिसीव्हरवर लघुलहरी चाळायचा. त्याच्या कानावर तुटक मोर्स आला. 'इटालिया', 'नोबिले', आणि पुन्हा पुन्हा एसओएस. मधली अक्षरे गचाळ झालेली. त्यातल्या एका तुकड्यावरून जागा फ्रान्स जोसेफ लँड असावी असा तर्क निघाला, जो चुकीचा होता. पण श्मिटने एक योग्य गोष्ट केली. त्याने मॉस्कोतल्या रेडिओमित्रांच्या संघटनेला तार केली.

इथे मी नेहमी थबकतो. त्या मुलाला अर्धवट अक्षरे ऐकू आली होती. त्याच्याकडे पडताळणी करायला कुणी नव्हते. एका खेड्यातला सिनेमावाला मॉस्कोला तार करून सांगतो की साऱ्या जगाला न सापडलेला जनरल मला सापडला आहे. आपण असतो तर? मी असतो तर बहुधा आणखी एक रात्र ऐकून खात्री करू म्हणालो असतो, आणि दुसऱ्या रात्री कंडिशन बदललेली असती.

मॉस्कोने रोमला कळवले. ६ जूनच्या संध्याकाळी बियाजी नेहमीप्रमाणे सान पाओलोच्या बातम्या उतरवून घेत होता. त्यात शब्द आले की एका सोव्हिएत हौशी रेडिओवाल्याने 'इटालिया'चा एसओएस ऐकला आहे. तंबूतल्या सहा जणांना आपण जिवंत असल्याचे जगाला कळले, हे असे रोमच्या बातम्यांतून समजले. ८ जूनला 'चित्ता दि मिलानो'ने अखेर त्यांची हाक पकडली. तेव्हा जहाजाने पहिली गोष्ट कोणती केली असेल तर बियाजीचा नौदलातला नोंदणी क्रमांक विचारला. मधल्या दिवसांत जगभरातून हौशी लोकांच्या नावे खोटे, थापाडे संदेश इतके आले होते की खऱ्या माणसाला आधी आपण खरे आहोत हे सिद्ध करावे लागले. हौशी रेडिओचे गोडवे गाताना ही बाजू आमची मंडळी सहसा सांगत नाहीत. श्मिट हौशी होता आणि थापा मारणारेही हौशीच होते.

पुढचे थोडक्यात. २० जूनला इटालियन वैमानिक मादालेनाला तंबू दिसला आणि त्याने सामान टाकले. २३ च्या रात्री स्वीडनचा लुंडबोर्ग स्कीवरचे छोटे विमान घेऊन बर्फावर उतरला आणि त्याने हट्टाने नोबिलेला आधी नेले. दुसऱ्या खेपेला त्याचे विमान उलटले आणि तोच तंबूत अडकला. त्याला ६ जुलैला दुसऱ्या स्वीडिश विमानाने सोडवले. १२ जुलैला 'क्रासिन' या सोव्हिएत बर्फफोड्या जहाजाने आधी मारियानो आणि झाप्पीला आणि मग तंबूतल्या उरलेल्या पाच जणांना उचलले. बियाजी त्या पाचांत होता.

या मौनाने किती बळी घेतले, हा प्रश्न चर्चेत येतो तेव्हा अमुंडसेनचे नाव हटकून घेतले जाते. जुने भांडण विसरून तो नोबिलेच्या शोधात १८ जूनला 'लाथाम' या फ्रेंच विमानातून निघाला आणि पाच साथीदारांसह कायमचा नाहीसा झाला. ही गोष्ट इतकी हृद्य आहे की तिला लाल तंबूच्या मौनाशी जोडायचा मोह होतो. पण तारखा पाहिल्या तर जुळत नाही. १८ जूनला तंबूचा ठावठिकाणा कळून दहा दिवस झाले होते. अमुंडसेनचा मृत्यू या मौनाच्या खात्यावर टाकता येत नाही. माल्मग्रेनचा मात्र टाकावा लागतो. ३० मेला तिघे निघाले ते आपले कुणी ऐकत नाही म्हणून. पहिल्या पाच दिवसांत जहाजाकडून एकच उत्तर आले असते तर ते निघाले असते असे मला वाटत नाही.

मग दोष कुणाचा? नोबिले आणि त्याच्या साथीदारांनी जहाजाला धारेवर धरले. त्यांचे म्हणणे असे की जहाज ऐकण्यापेक्षा पाठवण्यात, तारा आणि बातम्यांच्या धबडग्यात गुंतले होते. इटलीतल्या सरकारी चौकशी समितीने उलट नोबिलेलाच दोषी धरले. दोन्ही बाजूंनी कित्येक वर्षे लेखण्या झिजवल्या. झोलेसी मंडळींचा निष्कर्ष वाचून पुष्कळांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. चला, दोष कुणाचाच नाही, आकाशाचा होता.

मला इतके सोपे वाटत नाही. लहर पोहोचत नव्हती हे खरे, पण ती पोहोचणार नाही हे १९२८ मध्ये कळण्याजोगे होते. ज्ञान छापलेले होते. एखाद्या ध्रुवीय मोहिमेच्या आणीबाणीच्या सेटला ३३ मीटर द्यायचे आणि चारशे किलोमीटरवरच्या जहाजाने त्यावर ऐकायचे, ही व्यवस्थाच चुकीची होती. लांब अंतर गाठते म्हणून लघुलहर निवडली. जवळचे अंतर तिला जमत नाही, हे व्यवस्था आखणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही. आणि ऐकू येत नाही म्हणजे तिकडे कुणी नाही, अशी जहाजाची समजूत होत गेली. हौशी माणसाला ही चूक सहसा होत नाही, कारण त्याच्या रोजच्या अनुभवात ऐकू न येण्याला शंभर अर्थ असतात. त्याच्याकडे वेळ असतो आणि त्याला कुणाला उत्तर द्यायचे नसते. नौदलाच्या यंत्रचालकाला रोमच्या तारा पाठवायच्या होत्या. श्मिटला काहीच करायचे नव्हते.

जहाजाला ८ जूनला हाक का ऐकू आली? दोन कारणे मनात येतात. चुंबकीय वादळ ओसरले की थराची घनता भरून येते आणि मूक पट्टा आक्रसतो. शिवाय ६ जूननंतर जहाजावरच्या माणसांना नेमके काय ऐकायचे ते ठाऊक झाले होते. तिकडे कुणीतरी आहे हे कळल्यावर गोंगाटातली अंधूक टिकटिकही कान पकडतो. पहिल्या कारणाचा वाटा मोठा की दुसऱ्याचा, हे गणित सोडवणारी प्रतिकृती अजून कुणी केलेली नाही, आणि दुसऱ्याची करता येईल असे मला वाटत नाही.

आज तसा प्रसंग आला तर साधा हॅमसुद्धा काय करेल? तो खाली उतरेल. ९ मेगाहर्ट्झ सोडून ५ किंवा ३.५ वर जाईल आणि तार उंच न ताणता मुद्दाम जमिनीलगत, डोक्याच्या उंचीवर ठेवेल. मग लहर जवळजवळ सरळ वर जाते आणि छत्रीसारखी आजूबाजूला पडते. डोंगराळ भागात पूर किंवा दरड कोसळल्यावर चारशे किलोमीटरच्या आत संपर्क ठेवायची हीच रीत आहे. थर फारच पातळ झाला असेल तर तो मोर्सचा वेग कमी करेल. त्याच्याकडे संगणक असेल तर जोसेफ टेलर या भौतिकीतल्या नोबेल मानकऱ्याने हौशी लोकांसाठी तयार केलेल्या रीती वापरेल, ज्यांत कानाला मुळीच न ऐकू येणारा संदेशही गोंगाटाखालून उपसून काढता येतो. डिसेंबर २०१९ मध्ये सौरडागांचा तळ गाठला गेला तेव्हाच्या रिकाम्या वाटणाऱ्या बँडवर याच रीतींनी हॅम जगभर पोहोचत होते. काही जुन्या मंडळींना हे रुचत नाही. संगणक संगणकाशी बोलतो, यात भेट कुठली, असे ते म्हणतात. त्यांचे दुःख मला समजते, पण लाल तंबूत बसलेल्या माणसाने ती तक्रार केली नसती.

'ओंदिना ३३' आज इटलीत ला स्पेझियाच्या नौदल संग्रहालयात आहे. लाल तंबू मिलानच्या विज्ञान संग्रहालयात आहे. त्यावरचा लाल रंग तर बर्फावर असतानाच उन्हाने उडत चालला होता. नोबिले पुढे सोव्हिएत संघात हवाई जहाजे बांधायला गेला, परत आला आणि १९७८ पर्यंत जगला. शेवटपर्यंत तो आपली बाजू मांडत होता. बियाजीचे नाव काही वर्षे इटलीत घरोघरी झाले, आणि उतारवयात तो पेट्रोल पंप चालवत असे. १९६५ मध्ये तो वारला.

निकोलाय श्मिटचा मॉस्कोत सत्कार झाला, वर्तमानपत्रांत फोटो आले. नंतर तो मध्य आशियात ताश्कंदला स्थायिक झाला आणि रेडिओच्याच कामात राहिला. तो जर्मन वंशाचा होता. युद्ध सुरू झाल्यावर त्याला अटक झाली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये ताश्कंदला गोळ्या घालून मारण्यात आले. १९८४ मध्ये सोव्हिएत न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले. नोबिले तेव्हा हयात नव्हता.